गेमिंग नव्यानं सुरू करतोय: कन्सोल घेऊ की पीसी? (नागपूर, बजेट साठ हजार)

मिहानवाला
नमस्कार मंडळी. वय ३५, आजवर मोबाईलवर बीजीएमआय सोडून काही खेळलो नाही. आता घरी नीट गेमिंग सुरू करायचा विचार करून राहिलो. बजेट साठ हजार, थोडं इकडे-तिकडे चालेल. घरी ४३ इंची फोर-के टीव्ही आहे, पाचेक वर्षं जुना. लॅपटॉप ऑफिसचा, त्यावर काही टाकता येत नाही. ऑफिसातले अर्धे म्हणतात पीएस५ (सोनीचा टीव्हीला जोडायचा गेमचा डबा, म्हणजे कन्सोल) घे डोळे मिटून, उरलेले म्हणतात पीसी असेंबल कर, कन्सोल म्हणजे पैसे पाण्यात. यूट्यूबवर पाहायला गेलो तर टेराफ्लॉप, रे ट्रेसिंग, फ्रेम जनरेशन, काहीच डोक्यात शिरेना. नवख्या माणसानं काय घ्यावं ते सोप्या भाषेत सांगा. राहतो मानेवाड्याला, घेतलं तर बर्डीच्या मार्केटमधून नाहीतर ऑनलाईन.

तर्री_जादा
पीएस५. विषय संपला.

एसएमपीएस_भौ
विषय कसा संपला बाप्पा, आत्ता तर सुरू झाला.
मिहानवाले भाऊ, माझं मत पीसी. कन्सोलचा डबा एकदाचा येतो पण खरा खर्च त्याच्यानंतर चालू होतो. मोठा नवीन गेम चार-पाच हजाराचा. विकत घेतलेला गेम ऑनलाईन खेळायचा म्हटलं तर पीएस प्लस (सोनीची वर्गणी) वेगळं भरा, फोर्टनाईटसारख्या फुकट गेमला लागत नाही पण ईए एफसी हा फुटबॉलचा गेम ऑनलाईन खेळायला लागतं म्हणजे लागतं. पीसीवर ऑनलाईन खेळायचे वेगळे पैसे नाहीत. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाईन दुकानात भाव रुपयात, वर्षातून मोठे सेल येतात, जुने चांगले गेम पाचशे-हजारात मिळून जातात. एपिक या दुसऱ्या ऑनलाईन दुकानवाले डिसेंबर २०१८ पासून काही ना काही फुकट देऊन राहिले, आता तर दर आठवड्याला, मे २०२० मध्ये तर जीटीए फाईव्ह फुकट दिला होता. आणि स्टीमवर गेम नाही आवडला तर १४ दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत. नवीन माणसाला ही सगळ्यात मोठी सोय आहे, कारण आपल्याला काय आवडणार हे त्याला अजून माहीतच नसतं.

तर्री_जादा
भौ पण साठ हजारात पीसी येतो कुठं? मॉनिटर, कीबोर्ड, माऊस, टेबल, खुर्ची... सगळं जोडा ना एकदा.

एसएमपीएस_भौ
टीव्हीलाच जोडायचा. एचडीएमआय सगळीकडे तीच असते.

खामल्याची_ताई
मी यांच्या भांडणात नाही पडत. मिहानवाले दादा, आधी हे सांगा बघू: कोणते गेम खेळायचे मनात आहे, कोणाबरोबर खेळणार आणि घरात कुठे बसून खेळणार? ह्याची उत्तरं आली की मशीन आपोआप ठरतं. आमच्याकडे नवरा सीएस२ (गोळीबाराचा ऑनलाईन गेम) खेळतो, तो कुठल्याच कन्सोलवर नाही, त्यामुळे त्याला पीसीशिवाय पर्यायच नव्हता. मला हॉलमध्ये सोफ्यावर रेलून गोष्टीवाले गेम खेळायला आवडतात, माझा पीएस५ आहे. दोघांनाही एकमेकांचं मशीन नको असतं. हे न विचारता लोक थेट ग्राफिक्स कार्डावर घसरतात म्हणून तुमचं डोकं गरगरतं.

पिक्सेल_पुणे
ताईंशी सहमत. फक्त पीसीच्या बजेटबद्दल एक गोष्ट घालतो, कारण वरचा हिशोब जुना आहे. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव प्रचंड चढलेत. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी लागते, कंपन्या तिकडे माल वळवतात आणि आपल्यासारखे किरकोळ गिऱ्हाईक मागे राहतात. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा सामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. एसएसडी, म्हणजे डेटा साठवायचे ड्राईव्ह, तेही महागले. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीचा 'साठ हजारात तगडा पीसी' असा व्हिडिओ बघून बर्डीला गेलात तर दुकानदार वेगळाच आकडा सांगेल, आणि त्यात त्याची लबाडी नसेल.
साठमध्ये बसवायचंच तर रायझन ५ ५६०० सारखा जुन्या एएम४ मदरबोर्डवर बसणारा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, आरएक्स ६६०० किंवा वापरलेलं आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड. १०८०पीवर (फुल एचडी चित्रावर) बहुतेक सगळं छान चालतं. पण तुमचा टीव्ही फोर-के आहे, त्यावर हे कार्ड ताणून चालवावं लागेल.

हुडकेश्वर_एक्स्प्रेस
लॅपटॉप काहून नाही घेत? एकाच वस्तूत सगळं. सिनेमा, काम, गेम. लाईट गेली तरी चालू.

एसएमपीएस_भौ
लाईट गेल्यावर गेमिंग लॅपटॉप बॅटरीवर पूर्ण ताकदीनं चालत नाही राजा, सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम अर्ध्यावर येतात आणि तासाभरात बॅटरी बसते. दुसरं, लॅपटॉपच्या कार्डाच्या नावावर जाऊ नका. तेच आरटीएक्स ४०६० एका लॅपटॉपमध्ये ३५ वॅटवर चालतं, दुसऱ्यात ११५ वर. स्टिकर दोघांवर सेम, कामगिरीत जमीन-अस्मान. दुकानात 'टीजीपी (कार्डाला मिळणारे वॅट) किती' विचारलं तर अर्धे सेल्समन तोंडाकडे बघत राहतात. साठच्या घरात जे येतं त्यात बहुतेक ६ जीबी किंवा त्याहून कमी व्हीआरएएम (कार्डाची स्वतःची मेमरी), नवीन गेमला ते आत्ताच अपुरं पडून राहिलं.
हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या पोट्ट्याला मी लॅपटॉपच सांगेन. घरी टीव्ही असलेल्या माणसाला नाही.

नवतपा_४५
तुम्ही सगळे नागपूर विसरून बोलून राहिले. पीएस५ सोबत येणाऱ्या पुस्तिकेत लिहिलंय, चालवायचं तापमान ५ ते ३५ अंश. आपल्याकडे मे महिन्यात रात्री अकराला हॉलमध्ये किती असतं? २०२४ च्या मे मध्ये तर इथल्या एका वेधशाळेच्या यंत्रानं ५६ दाखवलं होतं, नंतर हवामान खात्यानं सेन्सर बिघडलेला होता म्हणून सांगितलं, पण ४५ तर दरवर्षीचंच. त्यामुळे कन्सोल घ्या की पीसी घ्या, ठेवायची जागा आधी ठरवा. टीव्हीखालच्या बंद काचेच्या कपाटात अजिबात नाही. चारी बाजूंनी हात फिरेल एवढी मोकळी जागा हवी. आणि लय महत्त्वाचं म्हणजे कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. आपला डेझर्ट कूलर थंड हवेसोबत ओल आणि बारीक धूळ फेकतो. ती ओली धूळ पंख्याच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या) पट्ट्यांमध्ये थापली जाते, वाळली की ब्लोअरनं निघत नाही. माझ्या ओळखीच्या एका पोट्ट्याचा पीसी असाच उघडला होता, आत मातीचा गिलावा केल्यासारखं दिसत होतं.

तर्री_जादा
म्हणजे उन्हाळ्यात खेळायचंच नाही का? उन्हाळ्यातच तर सुट्ट्या असतात ना बाप्पा!

नवतपा_४५
खेळा की. एसीच्या खोलीत बिनधास्त खेळा. कूलरवर असाल तर मशीन कूलरच्या बाजूच्या भिंतीला ठेवा, समोरच्या नको, खिडकी उघडी ठेवा म्हणजे दमट हवा बाहेर जाते. दुपारी दोन ते पाच टाळा. दर दोन महिन्यांनी धूळ काढा. पीसीचा एक फायदा इथं मान्य करतो, झाकण काढून साफ करणं सोपं असतं. पीएस५ स्लिमची (नंतर आलेल्या बारीक मॉडेलची) वरची पॅनलंही हातानं निघतात, व्हॅक्यूमनं धूळ ओढून घेता येते. आत स्क्रू उघडायला जाऊ नका, वॉरंटी आहे तोवर.

वायरमन_काका
मी चाळीस वर्षं घरांची वायरिंग केली, गेमिंगमधलं काही कळत नाही, नातवामुळे हा धागा वाचला. पण लाईटीचं कळतं म्हणून लिहितो. उन्हाळ्यात आपल्याकडे व्होल्टेज वर-खाली होतं आणि वादळी पाऊस आला की झटके बसतात. मशीन कोणतंही घ्या, त्या पॉईंटला अर्थिंग खरंच आहे का ते आधी तपासून घ्या. पुष्कळ घरांत तीन पिनचा सॉकेट असतो पण तिसऱ्या भोकात वायरच नसते. दुसरं, घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर तो साईनवेव्हचा हवा, स्क्वेअरवेव्हवर असली नाजूक यंत्रं लावू नका. आणि इन्व्हर्टरला यूपीएस मोडचं बटण असतं ते चालू करा, नाहीतर लाईट गेल्यावर बदल व्हायला जो क्षण लागतो त्यात मशीन बंद पडतं.
बिलाचं पण सांगतो, सगळे घाबरतात म्हणून. नातवाच्या प्लेस्टेशनला खेळताना साधारण २०० वॅट लागतात. रोज दोन तास धरा, महिन्याला १२ युनिट. मोठ्या पीसीला ३५० वॅट धरले तर २१ युनिट. कूलर-एसीपुढे हे काहीच नाही.

खामल्याची_ताई
काका, तुमच्या पोस्टीसाठी हा धागा वर ठेवायला हवा. अर्थिंगचं कोणीच सांगत नाही.

मिहानवाला
काका नमस्कार. आत्ता जाऊन टेस्टरनं पाहिलं, टीव्हीच्या पॉईंटला अर्थिंग आहे असं वाटतं, तरी इलेक्ट्रिशियनला बोलावतो.

वायरमन_काका
टेस्टरनं अर्थिंग कळत नाही बेटा. टेस्टर फक्त फेज दाखवतो. फेज आणि अर्थमध्ये बल्ब होल्डर लावून पाहतात, पण ते तू करू नको, माणसालाच बोलाव.

इतवारी_आर्केड
नातवाचा विषय निघाला म्हणून, कोणाला तो कॅसेटवाला टीव्ही गेम आठवतो का? पिवळी कॅसेट, वर लिहिलेलं '९९९९ इन १', आणि आत तेच दहा-बारा गेम उलटसुलट करून. मारिओ, काँट्रा, रणगाड्याचा बॅटल सिटी. कॅसेट नाही चालली की काढून तिच्यात फुंकर मारायची आणि परत लावायची. आम्ही महालात चार चुलत भाऊ, दोन रिमोट, हरला की उठायचं असा नियम. आजी सुद्धा बदकं मारायला बसायची, बंदूक टीव्हीला टेकवून.

तर्री_जादा
बंदूक टीव्हीला टेकवून 😂 आजीचा स्कोअर कोणीच मोडला नसेल.

इतवारी_आर्केड
नाहीच मोडला. नंतर गल्लीत पार्लर आलं, तासाचे दहा रुपये, पीएस२ वर व्हाईस सिटी. घरी ट्यूशन सांगून तिकडे. तिथं शिकलेलं अजून अंगठ्यात आहे, दोन वर्षांपूर्वी पीएस५ घेतला तर पहिल्याच दिवशी हात आपोआप चालले. म्हणून म्हणतो, मिहानवाले भाऊ, तुम्ही त्या वयात हे केलं नसेल तर पहिले काही दिवस जड जातील, घाबरू नका.

सदरचा_सभ्य
एक विचारू का, राग मानू नका. ३५ व्या वर्षी साठ हजार यात घालण्यापेक्षा एसआयपी वाढवा, सकाळी फुटाळ्यावर चालायला जा. ही वस्तू घरात आली की वेळ कुठे जातो कळत नाही.

खामल्याची_ताई
राग नाही, पण पटलं नाही. माझी नोकरी, घर, सासूबाईंचं आजारपण सगळं सांभाळून रात्रीचा एक तास मी खेळते आणि तो तास माझा असतो. कोणी मालिका बघतं, कोणी रील फिरवतं, त्यांना कोणी एसआयपी सांगत नाही. चांगला गेम हा नुसता टाइमपास नाही हो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये 'राजी' नावाचा गेम काढला, प्राचीन भारतातल्या एका मुलीची गोष्ट, भावाला सोडवायला निघालेली. त्यातले राजवाडे, भिंतींवरची चित्रं बघत मी थांबून राहायचे. असं काम आपल्याकडे होतंय आणि आपणच ते बघायचं नाही?
वेळेचा मुद्दा मात्र खरा आहे. सेटिंगमध्ये रोजची मर्यादा मुलांच्या खात्याला लावता येते. मोठ्यांनी स्वतः लावायची.

सदरचा_सभ्य
ताई, मुद्दा पोचला. 'राजी' बघतो.

मिहानवाला
अरे वा, बरंच काही आलं. ताईंच्या प्रश्नांची उत्तरं देतो. गेम: मित्राकडे रेड डेड रिडेम्प्शन २ बघितला होता, घोड्यावरून नुसतं फिरत राहावं असं वाटलं, तो खेळायचाच. शिवाय स्पायडरमॅन, थोडं क्रिकेट. वॅलोरंट वगैरेमध्ये रस नाही, त्या पोरांच्या बोटांचा वेग आपल्याला झेपणार नाही. कोणाबरोबर: बायकोला पण खेळायचंय, हे तिनं काल हा धागा वाचून सांगितलं. कुठे: हॉलमध्ये, सोफ्यावर. वेगळं टेबल टाकायला जागाच नाही, दोन खोल्यांचं घर आहे.

एसएमपीएस_भौ
मग भाऊ तुम्ही पीएस५ घ्या. मी पीसीवाला असून सांगून राहिलो. सोफा, टीव्ही, दोघं, गोष्टीवाले गेम, वेगळं टेबल नाही, आणि रॅमचे हे भाव. इथं पीसी बसत नाही. माऊस-कीबोर्ड मांडीवर घेऊन विंडोजचे अपडेट पाहत बसायला बायको तयार होणार नाही.

तर्री_जादा
मी दुसऱ्याच पोस्टमध्ये हेच म्हटलं होतं ना बे!

पिक्सेल_पुणे
म्हटलं होतं, पण कारण नव्हतं दिलं :)

हुडकेश्वर_एक्स्प्रेस
एक्सबॉक्स सिरीज एसबद्दल कोणी बोललंच नाही? लहान आहे, पीएस५ पेक्षा स्वस्त आला होता.

पिक्सेल_पुणे
नोव्हेंबर २०२० मध्ये आला, तेव्हा चांगला सौदा होता. पण त्यात डिस्क ड्राईव्ह नाही, सुरुवातीच्या मॉडेलला ५१२ जीबी स्टोरेज, आणि रोख १४४०पीवर, म्हणजे फोर-केपेक्षा कमी बारकाव्याच्या चित्रावर. रेड डेड २ एकटाच शंभर जीबीच्या वर जातो. शिवाय स्पायडरमॅन सोनीचा, तो एक्सबॉक्सवर येत नाही, तिथंच उत्तर मिळालं.
निन्टेन्डो स्विच कोणी सुचवण्याआधीच सांगतो: गेम अप्रतिम, दोघांना खेळायला तर सर्वात मजेचा, स्विच २ जून २०२५ मध्ये आला. पण निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे विकत नाही. जे मिळतं ते बाहेरून आणलेलं, बिघडलं की वॉरंटी नाही. पहिलं मशीन म्हणून नको.

इतवारी_आर्केड
पीएस५ घेत असाल तर डिस्कवाला घ्या. एप्रिल २०२४ मध्ये स्लिम इथं आला तेव्हा डिस्कवाला ५४,९९० आणि डिजिटल ४४,९९० होता. त्यानंतर भाव हलले, आजचा आकडा दुकानात विचारा, पण दोघांतला फरक वसूल होतो. डिस्क जुनी विकत मिळते, खेळून झाली की विकता येते, मित्रांत फिरवता येते. आमच्या ग्रुपमध्ये चार जण आहेत, एक डिस्क सगळीकडे फिरते. पीएस४ च्या डिस्कही पीएस५ वर चालतात, रेड डेड २ ची जुनी डिस्क स्वस्तात मिळून जाईल.

एसएमपीएस_भौ
डिस्क असली तरी गेम आत कॉपी होतो आणि वरून अपडेट उतरतात, ते लक्षात ठेवा. ४० एमबीपीएसच्या लाईनवर १०० जीबी म्हणजे साडेपाच तास. रात्री लावून झोपा.

खामल्याची_ताई
आणि बायकोसाठी दुसरा कंट्रोलर त्याच दिवशी घ्या, नाहीतर ती बघत बसेल आणि आठवड्यात तिचा उत्साह जाईल. त्याचे पैसे बजेटमध्ये धरूनच चाला.
सुरुवात मशीनमध्ये फुकट येणाऱ्या 'ॲस्ट्रोज प्लेरूम'नं करा. कंट्रोलरचं प्रत्येक बटण तो खेळता खेळता शिकवतो. नवीन माणसाला सगळ्यात अवघड जातं ते डाव्या अंगठ्यानं चालणं आणि त्याच वेळी उजव्यानं इकडे-तिकडे बघणं. मेंदूला ते एकत्र करायला वेळ लागतो, मग पात्र भिंतीला धडकत राहतं आणि माणूस 'आपल्याला जमत नाही' म्हणून कंट्रोलर ठेवून देतो. तसं करू नका, आठवडाभरात बसतं. नंतर दोघं मिळून 'इट टेक्स टू' खेळा, तो दोघांशिवाय खेळताच येत नाही, नवरा-बायकोच्या भांडणावरच आहे. बंदुकीच्या नजरेतून दिसणारे गेम लगेच नको, पुष्कळांना मळमळतं.

तर्री_जादा
जीटीए सहा पण पीएस५ आणि एक्सबॉक्सवरच जाहीर झालाय, १९ नोव्हेंबर २०२६. पीसीचं नावच नाही अजून. भौ ऐकून राहिले ना?

एसएमपीएस_भौ
ऐकून राहिलो. वाट पाहू आम्ही.

नवतपा_४५
घेण्याआधी एकदा पार्लरमध्ये जाऊन दोघांनी तासभर खेळून बघा. कॉलेजांच्या आजूबाजूला तासावर पीएस५ देणारी ठिकाणं आहेत. शंभर-दीडशे रुपयांत कळून जाईल की हातात धरायला बरं वाटतं की नाही.

मिहानवाला
अपडेट. रविवारी दोघं पार्लरमध्ये जाऊन आलो. मी स्पायडरमॅन घेतला, बिल्डिंगांवरून झोके घेताना मजा आली पण ताई म्हणाल्या तसं सारखा भिंतीवर आपटलो. बायकोनं क्रिकेट घेतलं आणि मालकाच्या भाच्याला हरवलं, तिथून उठायलाच तयार नव्हती. पीएस५ स्लिम डिस्कवालाच घेतोय, या शनिवारी बर्डीला. एकच शंका राहिली, टीव्ही जुना आहे, त्यात १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० चित्रं) नाही. काही अडेल का?

पिक्सेल_पुणे
काही अडत नाही. फोर-के ६० हर्ट्झला एचडीएमआय २.० पुरतं, पाच वर्षांपूर्वीच्या फोर-के टीव्हीत ते असतंच. फक्त दोन सेटिंग करा. टीव्हीच्या पिक्चर मेनूत 'गेम मोड' चालू करा, नाहीतर टीव्ही चित्र सजवत बसतो आणि बटण दाबल्यावर उशिरा हलतं, नवखा माणूस समजतो आपलेच हात मंद आहेत. आणि ज्या पोर्टला कन्सोल लावाल त्याला एचडीएमआयच्या सेटिंगमध्ये 'एन्हान्स्ड' किंवा तत्सम पर्याय असेल तो ऑन करा.

इतवारी_आर्केड
दुकानात डबा समोर उघडून घ्या, सील बघा, जीएसटीचं पक्कं बिल आणि त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या. 'बिलाशिवाय दोन हजार कमी करतो' म्हणाला तर सरळ बाहेर या. आणि रेड डेडची डिस्क घेऊ नका, माझ्याकडे पडून आहे, मानेवाडा चौकात देतो. खेळून झाली की परत करा.

मिहानवाला
दादा, शनिवारी संध्याकाळी फोन करतो. नंबर व्यनिनं (खाजगी निरोपानं) पाठवा.